वाटे सारखे, मग चिठ्ठी

महसूल खात्यात कारकुनापासून नायब तहसीलदारापर्यंतची चाकरी पुरी करून मी पुण्यास कायमचा राहावयास आलो, त्यानंतर थोड्याच काळात एका मोठ्या रुग्णालयाच्या नैतिकता समितीवर सामान्य नागरिक या नात्याने माझी नेमणूक झाली. आणि ज्या माणसाने आपली उमेद सातबाराचे उतारे, फेरफाराच्या नोंदी व आणेवारीचे तक्ते यांत खर्ची घातली, त्याने नव्या औषधांच्या चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या विद्वानांच्या पंक्तीत बसून नेमके काय करावयाचे, हा प्रश्न जसा मला पडला तसाच तो त्या विद्वानांनाही पडलेला त्यांच्या मुद्रेवर दिसत असे. कायद्याच्या मनात मात्र याविषयी किंतु नाही. आजच्या, म्हणजे २०१९ च्या, नियमांप्रमाणे अशा समितीत किमान सात सदस्य असावे लागतात, त्यांतले निदान निम्मे त्या संस्थेच्या बाहेरचे असावे लागतात, अध्यक्षही बाहेरचाच हवा, आणि सामान्य नागरिक हजर असल्याखेरीज सभेची गणपूर्तीच होत नाही. त्यापूर्वीच्या नियमांतही थोड्याफार फरकाने हेच होते. त्यामुळे आरंभीच्या काळात मी सभागृहात पाऊल टाकले की सचिवांच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटे, ते केवळ गणपूर्ती झाल्याचे असे, हे समजावयास मला फारसा वेळ लागला नाही. आणि त्याचा विषादही वाटला नाही, कारण सरकारी नोकरीत हजेरीपुरते बोलावले जाण्याची सवय ज्याला लागली नाही असा माणूस विरळाच.

सभेच्या काही दिवस आधी प्रस्तावांची जाडजूड बाडे घरी येत. रोगाचा पूर्वेतिहास, प्राण्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष, संख्याशास्त्राची गणिते, विम्याची पत्रे, पुरस्कर्त्या कंपनीशी झालेला करारनामा, असे सर्व एकामागून एक येऊन अगदी शेवटी मराठीतले संमतिपत्र असे. आणि सर्वांची समजूत अशी, की सामान्य सदस्याने ते संमतिपत्र तेवढे वाचावे, वाक्ये रुग्णाला कळतील अशी आहेत की नाहीत ते सांगावे, आणि चहा घेऊन घरी जावे. हे काम मी इमानाने केले. परंतु कोणतेही दप्तर हाती आले की पहिल्या कागदापासून वाचावयाचे, ही खोड नोकरीने लावलेली असल्यामुळे माझी नजर हळूहळू त्या बाडांतल्या एका तक्त्यावर स्थिरावू लागली, ज्याकडे इतर सदस्य क्वचितच पाहत: रुग्णाने कोणत्या दिवशी यावयाचे, किती वाजता यावयाचे, किती वेळ बसावयाचे, कितीदा रक्त द्यावयाचे. औषधाविषयी मला काही कळत नव्हते. पण तालुक्याच्या गावाहून शहरात येणे म्हणजे काय, हे त्या दालनात बसलेल्या कोणाहीपेक्षा मला अधिक ठाऊक होते.

मधुमेहावरील एका औषधाचा प्रस्ताव होता. रुग्णाने ठरावीक दिवसांनी सकाळी आठ वाजता उपाशीपोटी येऊन रक्त द्यावे, अशी त्यात योजना होती. आणि ज्या बाह्यरुग्ण विभागातून रुग्ण निवडावयाचे, तेथे वेल्हे, मुळशी, भोर या तालुक्यांतील डोंगरकपारीची माणसे मोठ्या संख्येने येत. रात्री मुक्कामाला गेलेली एसटी पहाटे गावातून सुटली, तरी ती स्वारगेटला लागून पुढे रुग्णालय गाठेपर्यंत दहा वाजावयाचे. तोवर इन्सुलिन टोचून घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने रिकाम्या पोटी घाटाची वळणे घेत यावे, रांगेत उभे राहावे, आणि वाटेत साखर उतरून घेरी आली तर कोणाच्या खांद्यावर मान टाकावी, हे तक्त्यात कोठेच नव्हते. मी तेवढेच विचारले. मुख्य संशोधिका समंजस होत्या. औषधाचा परिणाम मुख्यतः ज्या चाचणीने ठरावयाचा होता ती गेल्या दोनतीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारी चाचणी होती, आणि तिला उपाशी राहण्याची गरजच नसते, हे त्यांनीच सभेला सांगितले. उपाशीपोटीचे नमुने दूरच्या रुग्णांकडून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात घेण्याची दुरुस्ती झाली आणि प्रस्ताव मंजूर झाला.

त्या दिवशी पुष्कळांनी माझी प्रशंसा केली. मला स्वतःला मात्र घरी परतताना एक वेगळीच गोष्ट डाचत राहिली. जे मी सभेत सांगितले ते वेल्ह्याच्या कोणत्याही मधुमेही माणसाने, त्याला विचारले असते तर, पहिल्याच मिनिटाला सांगितले असते. तो तक्ता तयार होण्यास कित्येक महिने लागले असतील, तो कित्येक तज्ज्ञांच्या नजरेखालून गेला असेल, आणि त्या साऱ्या काळात असा एकही माणूस त्या टेबलाजवळ बसविला गेला नव्हता. मी निवृत्तिवेतन घेणारा, शहरात घर असलेला, प्रकृतीने धडधाकट मनुष्य; माझे तेथे असणे म्हणजे रुग्णाचे तेथे असणे नव्हे. फार तर मी त्याचा मुखत्यार. आणि मुखत्यारपत्र त्याने मला कधी लिहून दिलेले नव्हते.

हे असे का झाले असावे, याचा शोध घेत मागे जावे तर असे दिसते, की संशोधनातील माणसाविषयीचे आपले सारे नियम संरक्षणाच्या भावनेतून जन्मास आलेले आहेत. नाझी वैद्यांवरील खटल्याच्या निवाड्यातून १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता निघाली. जागतिक वैद्यक संघटनेचे हेलसिंकी घोषणापत्र १९६४ चे. आपल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे पहिले धोरणपत्र १९८० चे. आपल्याकडील चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही २००७ मध्ये उघडली आणि २००९ पासून तीत नोंद करणे सक्तीचे झाले. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने कान उपटल्यावर २०१३ च्या सुमारास नुकसानभरपाईचे नियम कडक झाले, संमती देतानाचे चित्रमुद्रण आले, आणि पुढे २०१५ मध्ये ते दुर्बल स्थितीतील रुग्णांपुरते व अगदी नव्या रसायनांच्या चाचण्यांपुरते मर्यादित झाले. हे सर्व आवश्यकच होते. ज्यांनी ते मिळविले त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु पहारा बसविणे ही एक गोष्ट आणि घरात बोलावणे ही दुसरी. पहाऱ्याच्या नियमांत रुग्ण हा जपण्याची वस्तू असतो, आणि सर्व काही ठरून गेल्यावर त्याला 'होय की नाही' एवढेच विचारले जाते. २०२४ च्या सुधारणेत हेलसिंकी घोषणापत्राने संशोधनापूर्वी, संशोधन चालू असताना आणि ते संपल्यावरही सहभागी व्यक्तींशी व त्यांच्या समाजाशी अर्थपूर्ण संवाद असावा, असे स्पष्टपणे म्हटले. न्यूरेंबर्गपासून तेथवर यावयास पाऊणशे वर्षांहून अधिक काळ गेला.

'होय की नाही' हे विचारणेही किती पोकळ असू शकते, हे मी समितीच्या तपासणी भेटींत पाहिले. एका तरुण डॉक्टराने एका गवंड्याला अर्धा तास, अतिशय मनापासून, सर्व समजावून सांगितले. निःपक्ष साक्षीदार हजर होता. नियमातले एकही कलम बाकी नव्हते. शेवटी 'काही शंका?' असे विचारताच गवंडी म्हणाला, "तुम्ही म्हणाल तिथं अंगठा देतो, डॉक्टरसाहेब." हे शब्द मी तहसील कचेरीत अगणित वेळा ऐकलेले होते. गरिबाने साहेबापुढे अंगठा देणे ही पुष्कळदा केवळ अदब असते, आणि अदबीला संमती समजणे हा कचेऱ्यांचा जुना शिरस्ता आहे. मी त्याला सहज विचारले, की घरी गेल्यावर कारभारणीला काय सांगाल? तो उत्साहाने म्हणाला, "मोठ्या डॉक्टरांनी परदेशी औषध सुरू केलं, तेही फुकट." आपल्या वाट्याला कदाचित जुनेच औषध येईल, हे त्याच्या गावीही नव्हते. पुढे आम्ही असा दंडक घातला, की शंका विचारण्याऐवजी रुग्णालाच 'घरी काय सांगाल' हे सांगावयास लावावे, आणि त्याने ते स्वतःच्या भाषेत सांगेपर्यंत कागद पुढे करू नये. ही युक्ती वैद्यकजगताला नवी नाही; पण आमच्या येथे तिने मोठेच दार उघडले, कारण रुग्ण एकदा बोलू लागले की ते केवळ ऐकलेले परत सांगून थांबत नाहीत.

हृदयविकाराच्या एका चाचणीत आंबेगावकडचे एक वयस्क शेतकरी होते. आजचे चालू उपचार दोन्ही गटांना मिळणार, एका गटाला त्याशिवाय नवी गोळी आणि दुसऱ्याला तिच्यासारखीच दिसणारी बिनऔषधाची गोळी मिळणार, कोणाला कोणती हे चिठ्ठीने ठरणार आणि ते डॉक्टरांनाही कळणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "भावाभावांच्या वाटणीत आम्हीपण चिठ्ठ्या टाकतो, साहेब. पण आधी वाटे सारखे करतो. एका वाट्यात बागायत अन् दुसऱ्यात खडक, असं करून चिठ्ठी टाकली तर ती चिठ्ठी नव्हं, ती फसवणूक. तुमचे वाटे सारखे हायेत का, तेवढं सांगा."

मी आयुष्यात शेकडो वाटणीपत्रे पाहिली, आणि समितीत येऊन पुष्कळ व्याख्यानेही ऐकली. परंतु चाचणीच्या नीतीचा गाभा इतक्या थोडक्या शब्दांत मला कोणी सांगितला नव्हता. दोन्ही उपचारांपैकी कोणता अधिक चांगला हे खरोखरच ठाऊक नसेल तरच चिठ्ठी टाकणे न्याय्य, ठाऊक असेल तर चिठ्ठी टाकणे हाच अन्याय, हे तत्त्व विद्वान लोक पानेच्या पाने लिहून सांगतात. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे उत्तर दिले: नवी गोळी तारक आहे की मारक हे अजून कोणालाच कळलेले नाही, म्हणून आजच्या ज्ञानाप्रमाणे वाटे सारखे, उद्या एक वाटा भारी आहे असे दिसले तर वाटप थांबवावे लागेल, आणि त्यावर नजर ठेवणारी निराळी समिती आहे. शेतकरीबाबांचे समाधान झाले. त्यानंतर कोणताही प्रस्ताव माझ्यापुढे आला की मी पहिल्याने वाटे तपासू लागलो.

आपल्याच मुंबईत याच प्रश्नावर मोठा वाद झालेला आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये तेथील झोपडवस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी एक चाचणी आरंभिली. चिठ्ठीने वस्त्यांचे दोन गट झाले. एका गटातील स्त्रियांची, साध्या आम्लद्रावाचा उपयोग करून, दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी तपासणी केली, आणि दुसऱ्या गटाला कर्करोगाविषयी माहिती देण्यात आली. २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला: तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. गरीब देशाला परवडणारी पद्धत सिद्ध झाली, हे यश लहान नव्हे. परंतु दुसऱ्या गटातील स्त्रियांची तपासणी का केली नाही, अशी पृच्छा झाली. आपल्या देशात बहुसंख्य स्त्रियांना तपासणी मिळतच नव्हती, तेव्हा तीच तुलनेची खरी पातळी, हे एका पक्षाचे म्हणणे, आणि दारिद्र्याने पाडलेल्या वाट्याला शास्त्राने प्रमाण मानू नये, हे दुसऱ्या पक्षाचे. याचा निवाडा करण्याचा अधिकार माझा नाही. मात्र हा वाद मी वाचला तो विद्वानांच्या लेखणीतून. त्या वस्त्यांतील स्त्रियांचे त्यावर काय म्हणणे, हे माझ्या वाचनात कधी आले नाही, आणि माझ्या मते वाटे पाडताना सर्वांत आधी ऐकावयाचे म्हणणे तेच.

रुग्णाइतकेच, किंबहुना काही रोगांत रुग्णाहूनही अधिक, त्याची शुश्रूषा करणाऱ्या माणसाला ठाऊक असते, हे मला एका सुनेने शिकविले. पक्षाघातानंतरच्या व्यायामोपचाराचा प्रस्ताव होता, आणि उपचार यशस्वी झाला की नाही हे हाताच्या पकडीचा जोर व चालण्याचा वेग मोजून ठरावयाचे होते. सासऱ्यांना चाकाच्या खुर्चीतून आणणारी ही बाई दर वेळी बाहेरच्या बाकावर बसून राही. तपासणीच्या खोलीत तिला कोणी बोलावीत नसे, कारण ती काही 'सहभागी' नव्हे. तिला काय बरे झाले तर उपयोग वाटेल, असे विचारता ती क्षणभरही न थांबता म्हणाली, "मामंजींना रात्री सलग झोप लागू दे, अन् लेंग्याची नाडी त्यांची त्यांना सोडता येऊ दे. नाडीसाठी मला हाक मारताना त्यांना मरणाची लाज वाटते, अन् मलाही." पकडीचा जोर वाढूनही नाडी सुटत नसेल, तर त्या घराच्या लेखी उपचार निष्फळ होता. संशोधकांनी नाडी, गुंडी, तांब्या, ताटातला घास अशा नित्याच्या कृतींची एक मोजणी घातली, आणि रात्रीच्या जागरणाची नोंद ठेवण्यासाठी घरच्या माणसाच्या हाती एक वही दिली. त्या वह्यांमधून पुढे असे दिसले, की काही घरांत रुग्ण सुधारत होता आणि शुश्रूषा करणारी बाई खंगत होती. ही गोष्ट पकडीच्या कोणत्याही यंत्राने दाखविली नसती.

असेच मोठ्या प्रमाणावर पाश्चात्य देशांत घडलेले आहे. संधिवातावरील उपचारांचे मोजमाप कसे करावे हे ठरविणारी ओमेरॅक्ट नावाची संशोधकांची परिषद आहे. तिच्या २००२ मधील ऑस्ट्रेलियातील बैठकीस प्रथमच रुग्णांना प्रतिनिधी म्हणून बोलावले गेले. तोवर सुजलेले सांधे मोजले जात, वेदना मोजली जात, रक्तातील दाहाची खूण मोजली जाई; रुग्णांनी सांगितले की आमचे जगणे सर्वांत अधिक खाते ते शरीर पिळवटून टाकणारा थकवा, आणि तो तर तुमच्या यादीतच नाही. थोड्याच वर्षांत प्रत्येक चाचणीत थकवाही मोजला जावा, अशी शिफारस त्याच परिषदेने केली. इंग्लंडात २००४ पासून जेम्स लिंड आघाडी रुग्ण, शुश्रूषा करणारे आणि वैद्य यांना एका बैठकीत बसवून, कोणत्या अनुत्तरित प्रश्नांवर आधी संशोधन व्हावे याच्या याद्या करून घेत आली आहे.

आमच्या रुग्णालयातही रुग्ण व त्यांचे नातलग यांचे एक सल्लागार मंडळ स्थापन झाले, आणि कागदावर सोपी दिसणारी ही गोष्ट अंमलात आणताना काय काय आडवे येते ते पाहावयास मिळाले. पहिल्याने आले ते निवृत्त अभियंते, बँकेतील अधिकारी, एक वकील. सर्व सज्जन, सर्व बोलके, आणि सर्व शहरातले. धुणीभांडी करणारी एक बाई त्यांच्यामध्ये बसे, आणि चहाचा पेला रिकामा होईपर्यंत तिच्या तोंडून अक्षर निघत नसे. तिला बोलते करण्यासाठी तिला उपदेश करून भागले नाही. मंडळालाच उठून तिच्या जागी जावे लागले. डायलिसिसच्या खाटेवर माणूस चारचार तास पडून असतो, तेथे स्टूल घेऊन बसले की तो मोकळेपणी बोलतो. अंगाची खाज, न शमणारी तहान, यंत्रावरून उतरल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत न हलणारे अंग, आणि पाळीची वेळ अशी की हातची नोकरी जाते, हे सर्व तेथे ऐकावयास मिळाले. सभागृहातील लंबगोल मेजाशी ते कधीच मिळाले नव्हते.

दुसरी अडचण पैशाची. समितीवरील तज्ज्ञांना प्रत्येक बैठकीचे मानधन मिळे, आणि दिवसाचा रोज बुडवून आलेल्या भाजीवालीला चहा व बिस्किटे. तिला मोबदला द्यावा असे ठरले, तेव्हा लेखाविभागाने पृच्छा केली, की ही रक्कम कोणत्या बाबीखाली खर्ची घालावयाची, तिच्या नावे देयक कसे काढावयाचे, आणि तिचे बँकेतले खाते कोठे आहे. येथे मात्र माझी उभ्या जन्माची कारकुनी कामास आली. सादिलवार खर्चात तरतूद काढून, हजेरीपटावर सही वा अंगठा घेऊन जागच्या जागी रोख देण्याची पद्धत बसविली. एवढ्या क्षुल्लक वाटणाऱ्या व्यवस्थेने मंडळाचे रूप पालटले, कारण ज्याचा रोज बुडतो तो माणूस फुकटच्या सभेला दुसऱ्यांदा येत नाही, आणि मग येत राहतात ते ज्यांचा काहीच बुडत नाही असे.

या उपक्रमाला विरोध करणारे एक ज्येष्ठ शल्यवैद्य होते, आणि त्यांचे म्हणणे मी येथे प्रामाणिकपणे नोंदवून ठेवतो, कारण त्यात तथ्य होते. त्यांचा आक्षेप असा, की आजारी माणूस आशेने आंधळा झालेला असतो. त्याला उपचार हवा असतो, पुरावा नव्हे. त्याच्या हाती लगाम दिला तर तो गाडी ज्या दिशेला ओरड मोठी त्या दिशेला नेईल. करोनाच्या साथीत याचा प्रत्यय आला. बऱ्या झालेल्या माणसाचा रक्तद्रव मिळावा म्हणून किती घरांतील माणसांनी रात्र रात्र फोन लावले, किती जणांनी दात्यांपुढे पदर पसरला, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. आणि त्याच वेळी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर केलेल्या चाचणीतून, २०२० च्या शरद ऋतूत, असा निष्कर्ष निघाला होता की या उपचाराने ना मृत्यू घटले ना आजार बळावण्याचे थांबले. तरी धावाधाव चालूच राहिली, आणि २०२१ च्या मे महिन्यात तो उपचार अधिकृत मार्गदर्शिकेतून वगळला गेला.

परंतु यावरून मी काढलेले अनुमान शल्यवैद्यांच्या उलट होते. ज्या समाजाला चाचणी म्हणजे काय, चिठ्ठी का टाकावयाची, 'उपयोग नाही' हे उत्तरही मोलाचे का, यांत कधी सामील करून घेतलेच नाही, तो समाज संकटाच्या वेळी पुराव्याची वाट पाहत थांबेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. शिवाय लोकांचा सहभाग म्हणजे लोकांनी निष्कर्ष ठरविणे नव्हे. निष्कर्ष आकडेच ठरवितील. लोकांनी सांगावयाचे ते हे, की कोणता प्रश्न विचारण्याजोगा आहे, उत्तराने कोणाचे काय सुधारले पाहिजे, आणि त्या उत्तरासाठी किती त्रास घ्यावयास माणसे राजी आहेत. हा भेद त्या शल्यवैद्यांना पुढे मान्य झाला. मंडळाच्या बैठकींना ते आले नाहीत, पण आपले प्रस्ताव मात्र आधी मंडळाकडे पाठवू लागले.

हे सर्व आपण परक्यांकडून शिकत आहोत असे मात्र मानण्याचे कारण नाही. गडचिरोलीत डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून, त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मधून दाखविले, तेव्हा ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा प्रश्न म्हणजे केवळ कुटुंबनियोजन व बाळंतपण, या जगभरच्या समजुतीला धक्का बसला. त्याच संस्थेच्या १९९९ च्या शोधनिबंधात ३९ गावांतील नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे, आणि ते काम ज्यांच्या हातून झाले त्या गावातल्याच, थोडेफार शिकलेल्या स्त्रिया होत्या. बाळाचे वजन घेणे, श्वास मोजणे आणि ते टिपून ठेवणे हे त्यांनीच केले. अगदी अलीकडे, २०२३ मध्ये, झारखंडातील एका चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: क्षयरोग्याच्या घरच्या माणसांना दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वे पुरविल्याने त्या घरांतील नव्या क्षयरोगाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी, आणि संसर्गजन्य क्षयाचे ४८ टक्क्यांनी घटले. हे वाचले तेव्हा मला आमच्या क्षयविभागातील जुनी माणसे आठवली. 'गोळ्या जळजळतात, पोटात काही नसतं' हे वाक्य तेथील प्रत्येक भिंतीने ऐकलेले असेल. त्या वाक्यात संशोधनाचा एक प्रश्न दडलेला होता, आणि तो कोणी वैद्यकाच्या भाषेत मांडीपर्यंत बराच काळ लोटला.

चाचणी संपली की रुग्णाशी असलेला संबंधही संपतो, हा आणखी एक शिरस्ता. एका बाईने, चाचणी पूर्ण होऊन पुष्कळ काळ लोटल्यावर, औषधाच्या खिडकीशी उभ्या असलेल्या परिचारिकेला विचारले, "ताई, त्या गोळीचं पुढं काय झालं हो? गुण आला का लोकांना?" तो निष्कर्ष तोवर परदेशातील परिषदेत वाचला गेला होता, ज्या दंडातून रक्त काढले तो दंड मात्र अनभिज्ञच राहिला होता. यावर समितीने अट घातली, की प्रत्येक चाचणीच्या अखेरीस एक पानाचे मराठी पत्र सर्व सहभागींना जावे, निष्कर्ष प्रतिकूल असला तरी जावे. कंपन्यांनी कुरकुर केली. काही पत्रे पत्ता बदलल्याने परतही आली. ज्यांना ती पोचली त्यांतले कित्येक जण पुढच्या चाचणीच्या वेळी आपणहून सल्ला द्यावयास आले, आणि काहींनी त्याच पत्राच्या आधारे 'या वेळी नको' असे स्वच्छ सांगितले. अदबीने दिलेल्या अंगठ्यापेक्षा हा नकार मला अधिक मोलाचा वाटतो.

आता लोकसहभाग हा शब्द सर्वत्र रूढ होऊ लागला आहे. प्रस्तावांच्या छापील नमुन्यात त्यासाठी एक चौकटही आली आहे, आणि तीत 'रुग्णांशी चर्चा करण्यात आली' असे एक वाक्य लिहून पुढे जाण्याची प्रथाही पडू लागली आहे. कागद रंगविण्याच्या कलेत मी जन्म काढलेला असल्यामुळे या वाक्याचे वजन मला ठाऊक आहे. म्हणून अशी चौकट दिसली की मी दोनच गोष्टी विचारतो: ही चर्चा वाटे पाडण्यापूर्वी झाली की नंतर, आणि तिच्यामुळे या प्रस्तावातील कोणती एक गोष्ट बदलली. पुष्कळदा उत्तर येत नाही. तेव्हा प्रस्ताव अडवून धरण्याचा मी आग्रह धरीत नाही, कारण चांगले औषध चौकटीपायी खोळंबावे असे मला वाटत नाही; सचिवांना एवढीच विनंती करतो, की उत्तर मिळाले नाही ही गोष्ट सभेच्या इतिवृत्तात जशीच्या तशी नोंदवून घ्यावी. नोंद झालेली उणीव पुढेमागे कोणीतरी भरून काढतो, हा माझा दप्तरातला अनुभव आहे.